थांब्यावरची खिडकी

मलकापूर मागे पडलं आणि नांदुऱ्याचा 105 फुटी हनुमान अजून दिसायचा असला, की मधल्या पट्ट्यात वडनेर भोलजी येतं. रस्ता राष्ट्रीय महामार्ग 53. जुन्या ड्रायव्हरांच्या तोंडी मात्र अजून 'सहा नंबर'. सुरतेकडून येऊन अकोला-नागपूरकडे जाणाऱ्या या रस्त्यावर लांब पल्ल्याच्या गाड्या जिथं चहापाण्याला वळतात, तिथं ही बाई भेटते. तिच्या हॉटेलचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण तिच्या सख्ख्या बहिणी या रस्त्यावर दोन्ही अंगांना नांदताहेत आणि सगळ्यांचा तोंडवळा एकच आहे.

प्लायवूडची आडभिंत, तिच्यात बसवलेली काच आणि काचेत खालच्या बाजूला कापलेलं अर्धगोल भोक, असा तिचा बांधा. भोक इतकं खाली, की पैसे देणाऱ्याला कमरेत वाकावं लागतं. काचेवर आतून चिकटवलेल्या पाट्या: 'सुटे पैसे द्यावे', 'पहिले कूपन घ्या', 'कूपन वापस होणार नाही'. एका कोपऱ्यात देवाचा फोटो, दुसऱ्या कोपऱ्यात क्यूआर कोड. या सगळ्यातून जी जागा उरते, तिच्यातून आतल्या माणसाचा फक्त हात दिसतो. चेहरा दाखवायचाच नाही, अशी तिची बांधणी असते.

तिला शब्द फार लागत नाहीत. 'सुटे', 'संपलं' आणि 'तिकडं' या तिघांवर तिचा दिवस निघतो. कान मात्र तिखट आहेत. महामार्ग सोडून आवारात वळणाऱ्या गाडीचा ब्रेक तिला बाकीच्यांच्या आधी ऐकू येतो. कंडक्टर दारातून 'दहा मिनिटं!' म्हणून ओरडेपर्यंत तिनं गल्ल्यातल्या सगळ्या दहाच्या नोटा आत सरकवलेल्या असतात.

मग गणित सुरू होतं. गाडीतून चाळीस माणसं उतरली. निम्मी आधी आडोशाच्या शोधात गेली, निम्मी रांगेत लागली. माणशी अर्धा मिनिट धरला तरी चाळिसांना वीस मिनिटं हवीत आणि कंडक्टरनं दिलीत दहा. म्हणजे शेवटच्या वीस माणसांना खायला मिळणार नाही किंवा हातात येईल ते न बघता घ्यावं लागणार, हे पहिला माणूस वाकतो तेव्हाच ठरलेलं असतं. खिडकीला हे गणित पाठ आहे. घाईतलं गिऱ्हाईक भाव विचारत नाही, चव विचारत नाही, उरलेले पैसे मोजत नाही. दुसरी खिडकी उघडायला सुताराचा अर्ध्या दिवसाचा खर्च. पण रांग हीच जिची कमाई, ती बहीण कशाला मागेल?

'दोन पोहे, एक चहा.'

पैसे जातात, कूपन येतं. कूपन घेऊन माणूस पलीकडच्या काउंटरवर पोचतो, तेव्हा पोहे संपलेले असतात.

'समोसा घ्या न भाऊ, गरम आहे.'

'पोह्याचे पैसे देले न मी.'

'त्यातच समोसा येते. कूपन वापस नाई होत.'

समोसा सकाळी तळलेला आणि आत्ता पुन्हा तेलातून काढलेला. त्यामुळे पापुद्रा चटका देतो आणि आतला बटाटा गार. तेलाचं तर वेगळंच पुराण. पुन:पुन्हा तापवलेल्या तेलात जी घातक संयुगं साठतात, त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरू नये, असा केंद्रीय अन्न प्राधिकरणाचा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. कढईतला काळा रंग तो नियम वाचल्यासारखा दिसत नाही.

पाण्याच्या बाटलीवर छापील किंमत असते आणि खिडकीची स्वतःची एक असते. मधला फरक 'कूलिंगचा'. दुकानदारानं आवेष्टित वस्तू छापील किमतीपेक्षा जास्त दरानं विकू नये, हे वजनमापाच्या नियमात स्पष्ट आहे. टेबलावर बसवून सेवा देणाऱ्या हॉटेलांना सर्वोच्च न्यायालयानं 2017 साली या नियमातून सूट दिली खरी, पण इथं बसवतं कोण? उभ्यानं घेतलेल्या बाटलीला सेवा एवढीच, की ती भोकातून आडवी करून बाहेर ढकलली जाते.

एसटी महामंडळानं 2016 साली अधिकृत थांब्यांवर 30 रुपयांत चहा-नाश्त्याची योजना आणली. तिची पाटी लावणं भाग असतं, म्हणून लावलेली असते. बहुतेक ती शीतपेयांच्या फ्रीजआड असते किंवा छताला इतकी लागून, की वाचणाऱ्यानं मान वर करेस्तोवर मागचा माणूस पुढे घुसतो. कुणी चिकाटीनं वाचून विचारलंच, तर उत्तर खिडकीच्या तीन शब्दांतला मधला.

इतकं ऐकून वाटेल, बाई स्वभावानंच तुसडी. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी खोली असते, तिथं हीच बाई वेगळी दिसते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथं बसतात. तव्यावरून उतरलेली पोळी, ताजा ठेचा, वाटीभर दही. 'साहेब, भाजी देऊ का अजून?' असं विचारायला पोऱ्या दोनदा येतो. बिल येत नाही. खिडकीला अगत्य कळतं, ते कुणाला दाखवायचं हेही कळतं. गाडी इथं वळवायची की पुढच्या हॉटेलला, हे जिथं स्टिअरिंगवरचा हात ठरवतो, तिथं गिऱ्हाईक तोच हात असतो. जिथं थांबा अधिकृत, तिथं महामंडळाचा करार असतो आणि थांबणाऱ्या गाड्यांमागे महामंडळालाही उत्पन्न मिळतं. रांगेतल्या चाळीस जणांनी फक्त पैसे द्यायचे असतात, निवड आधीच झालेली असते. पैसे देणारा एक आणि निवडणारा दुसरा असला, की कुठलाही धंदा असाच वागायला लागतो.

अशा खिडकीची श्रीमंत चुलत बहीण अमेरिकेत आहे. मॅकडोनाल्डनं गाडीतूनच खाणं घ्यायची आपली पहिली खिडकी जानेवारी 1975 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावी उघडली. शेजारच्या लष्करी तळावरच्या जवानांना कामाच्या गणवेशात गाडीबाहेर उतरायला मनाई होती, म्हणून खिडकीनंच गाडीला तोंड दिलं. तिच्याबद्दलच्या कागाळ्या आपल्या ओळखीच्याच आहेत: मागितलं एक, निघालं दुसरं; बटाटे गार; पिशवीत एक पुडा कमी. तिकडं पिशवी उघडते सिग्नल ओलांडल्यावर, इकडं समोसा फुटतो गाडीनं महामार्ग धरल्यावर. दोन्हीकडं फसगत कळते ती चाक फिरल्यानंतर. फरक एकच. तिकडचा माणूस उद्या दुसऱ्या खिडकीशी गाडी लावू शकतो. आपल्या माणसाच्या हातात तिकीट असतं, स्टिअरिंग नसतं.

याच मुलखात याचा उलटा दाखलाही आहे. शेगावच्या स्टेशनावर गाडी थांबते ती मिनिटा-दोन मिनिटांसाठी. खिडकीतून हात बाहेर, कचोरी आत. घाई इथल्यापेक्षा जास्त आणि गिऱ्हाईकही वाटेवरचंच. तरी त्या कचोरीनं अनेक दशकं आपलं नाव राखलं, कारण ती घेणारा गजानन महाराजांच्या दर्शनाला परत येणार असतो आणि घरी जाऊन दहा जणांना सांगणार असतो. वडनेरच्या स्टँडजवळच्या टपरीवरही तेच. तिथला आलुबोंडा खाणारा मास्तर, कास्तकार आणि कॉलेजचं पोरगं उद्या सकाळी पुन्हा समोर उभं राहणार. बोंडा शिळा निघाला, तर सगळ्यांदेखत, 'काय बापा, कालचा खपवून रायला काय?' असं ऐकावं लागतं. महामार्गावरच्या खिडकीला हे कुणी म्हणत नाही. म्हणणारा तोवर अकोल्याच्या वाटेला लागलेला असतो.

2025 च्या सुरुवातीला परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीच्या थांब्यांवरच्या हॉटेलांची पाहणी करायला सांगितलं. शिळं अन्न, घाण स्वच्छतागृहं, जादा दर अशा तक्रारी फार झाल्या होत्या. सुविधा नसतील तिथले थांबे रद्द करायची भाषाही झाली. पाहणीच्या दिवशी खिडकीची काच पुसली जाते, पाटी फ्रीजमागून पुढे येते. पाहणी करणाऱ्याला पोहे संपल्याचं कुणी सांगत नाही.

खिडकीची दुखरी नस दुसरीकडं आहे. एकदा नऊवारीतल्या एक बाई रांगेत होत्या, हातात पिशवी, सोबत नात. कूपन घेतल्यावर त्या हलल्या नाहीत.

'बिल द्या.'

'कूपन देलं न माय.'

'कूपन नाई, बिल. नंबर असलेलं.'

अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणं 1 जानेवारी 2022 पासून बंधनकारक आहे, हे त्यांना ठाऊक होतं की त्या केवळ हटाला पेटल्या होत्या, सांगता येत नाही. मागून लोक कुरकुरले, हॉर्न वाजला. कंडक्टर आले तर बाईंनी त्यांनाच विचारलं, 'हा थांबा तुमच्या डेपोच्या यादीत हाय का, ते सांगा. मले तिथंच अर्ज द्याचा हाय.' त्यावर पहिल्यांदा काचेमागचं तोंड खाली वाकलं आणि भोकातून बाहेर बघू लागलं. बिल मिळालं. 'कूलिंगचे' पैसेही परत आले, तेसुद्धा सुटे.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते, करावीही. पण एकट्या प्रवाशाच्या चिडण्याचा हिशेब खिडकीनं भावातच धरलेला असतो. तिला हादरा बसतो तो गाडी नंबर, तारीख आणि बिल जोडलेल्या अर्जानं, कारण तो आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर जातो आणि गाडीचा थांबा हलवायची ताकद त्याच वाटेवर आहे. रांगेतल्या चाळिसांपैकी पाच जणांनी जरी पुढच्या स्टँडवर उतरून असा कागद दिला, तरी पोह्यांची दुसरी कढई चढेल आणि त्या प्लायवूडमध्ये सुतार दुसरं भोक पाडायला येईल.