आम्ही, आपण आणि एक संमतीपत्र

‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. व्याकरणाच्या तासाला हा भेद आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्याचे वजन मात्र जून २०२१मध्ये, वरूडला घरात बसून असताना कळले.

दुसरी लाट आमच्या अमरावती जिल्ह्यात फेब्रुवारीतच आली होती. २२ तारखेपासून अमरावती शहर पुन्हा बंद झाले. मे महिन्यात २ ते १८ वयाच्या ५२५ मुलांवर कोव्हॅक्सिनची चाचणी घेण्यास परवानगी मिळाली. दिल्ली, पाटण्याबरोबर नागपूरही त्यात होते. नागपूरच्या आमच्या धाकट्या बहिणीने तेरा वर्षांच्या मुलासाठी चौकशी केली आणि माहितीपत्रक समजून घ्यायला आम्हांला फोन केला. आम्ही मराठीचे मास्तर ना!

आम्ही एकेक शब्द सोडवत गेलो. प्रतिपिंडे म्हणजे काय, दोन मात्रांत २८ दिवसांचे अंतर कशाला, माघार कधीही घेता येते म्हणजे काय. शेवटी तिने विचारले, “हे सारं समजलं. पण दादा, तू तुह्या पोरीले पाठवशीन का?” त्यावर आमच्याजवळ शब्द नव्हता.

१० जानेवारी १८९७ रोजी, मुंबईत प्लेग असताना, हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. पण मुलांच्या चाचणीत हा मार्ग बंद असतो. मुलाच्या शरीरात काय होईल हे मुलाच्याच शरीरात पाहावे लागते. मोठ्यांना फक्त सही करता येते. आणि सही कोणाची, हा प्रश्नही आपल्याकडे सोपा नाही. २००९-१०मध्ये आंध्रातील खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस देताना अनेक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहप्रमुखांच्या सह्या झाल्या होत्या. संसदीय समितीने २०१३मध्ये त्यावर कठोर ताशेरे ओढले. ज्याच्यासाठी उत्तर द्यायला दुसराच कोणी पुढे होतो, त्याला ‘आपण’ म्हणणे हे नुसते सौजन्य उरते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बारा वर्षांवरील मुलाची स्वतःची लेखी संमतीही लागते. भाच्याला ते सांगितल्यावर तो म्हणाला, “मामा, मला विचारताहेत की सांगताहेत?” साहित्याच्या कोणत्याही विद्यार्थ्याला वाक्याचा सूर इतका नेमका ओळखता आलेला आम्ही पाहिला नाही. “विचारताहेत,” आम्ही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग नको.” बहिणीने कागद मिटला. आम्हांला सुटल्यासारखे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

असो. ३ जानेवारी २०२२ला १५ ते १८ वयाच्या मुलांचे लसीकरण सुरू झाले. आमची पंधरा वर्षांची मुलगी वरूडला रांगेत उभी राहिली, कोव्हॅक्सिन घेऊन आली आणि हात दुखतो म्हणून कुरकुरत जेवायला बसली. भाच्याच्या ‘नको’चा आम्हांला आजही आदर आहे. पण त्याची रिकामी जागा कोणाच्या तरी लेकराने भरली, आणि त्या लेकराच्या आईनेही कोणाला तरी तोच प्रश्न विचारला असेल. तिला उत्तर देणारा कोण होता, आम्हांला ठाऊक नाही. आमच्या मुलीच्या दंडातली लस त्या घराची उधारी आहे. ‘आपण’ हा शब्द आम्ही आता शिकवतो, तेव्हा ती उधारी आठवून जरा जपून उच्चारतो.