आपल्या हातची सुई

परक्याच्या हातून दुखणे सोसणे माणसाला फारसे जड जात नाही. न्हावी गळ्यावरून वस्तरा फिरवतो, दंतवैद्य दाढ उपटतो, डॉक्टर दंडात सुई खुपसतो. आपण डोळे मिटून, फार तर एखादा सुस्कारा टाकून सारे निमूटपणे सोसतो. सोसणाऱ्याकडे सोसण्याचे एकच काम असते. पण तीच सुई कोणी आपल्या हातात दिली आणि म्हटले, ‘आता तुमची तुम्हीच टोचून घ्या,’ तर मामला एकदम बदलतो. टोचणारा आणि टोचून घेणारा, अशी दोन माणसे एकाच देहात समोरासमोर उभी राहतात, आणि त्या दोघांचे एकमत घडवून आणणे हे मोठे कठीण कर्म होऊन बसते. गेली तीन वर्षे मी दर महिन्याला हे एकमत घडवून आणीत आहे. एवढ्या अनुभवावर माणसाने त्या विषयाचा पंडित म्हणून मिरवू नये हे खरे. पण चार शब्द लिहिण्यापुरता अधिकार मला आला आहे, असे मी समजतो.

या विद्येची गरज मला का पडली, ते आधी सांगायला हवे. वकिलाचे भांडवल दोनच गोष्टींचे : जीभ आणि कागद. त्यांतल्या कागदाने प्रथम दगा दिला. फाइलीतली पाने उलटताना बोटांना ती जाणवेनाशी झाली. एक पान हाती आहे की दोन, हे डोळ्यांनी पाहून ठरवावे लागे. मग तळपाय बधिर झाले. फोंड्याच्या न्यायालयाच्या पायऱ्या चढताना कापसाच्या गादीवर पाऊल टाकल्यासारखे वाटे. वयाची पंचेचाळिशी हे अशा साऱ्या तक्रारींचे सोयीस्कर उत्तर असते, आणि तेच मी स्वतःला देत होतो. परंतु एके दिवशी उलटतपासणी ऐन रंगात आली असता एक अगदी साधा, रोजच्या वापरातला शब्द काही केल्या ओठांवर येईना. साक्षीदार माझ्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे. त्या दिवशी मला खरीखुरी भीती वाटली. बोटे बधिर झाली तर कारकून पाने उलटून देईल. पण शब्दच गेले तर ते कोणाकडून उसने आणायचे?

रक्ताची तपासणी झाली आणि ‘बी-बारा’ नावाचे जीवनसत्त्व माझ्या अंगात नाममात्रच उरले असल्याचे निदान झाले. मला नवल वाटले. हा अभाव शाकाहारी माणसांचा, अशी माझी समजूत होती, आणि ती निराधारही नव्हती. कारण हे जीवनसत्त्व धान्यात, भाजीत वा फळात नसते. ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते यांतूनच मिळते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व मुले यांचा अभ्यास करीत आले. त्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात, गरोदरपणी तपासलेल्या दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात हे द्रव्य कमी असल्याचे नमूद आहे. पण मी पडलो गोंयकार! श्रावण सोडला तर माझ्या पानात बांगडा किंवा तिसऱ्यो नाहीत असा दिवस विरळा. आणि तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांत तर या जीवनसत्त्वाचे कोठारच असते.

डॉक्टरांनी माझी शंका ऐकून घेतली आणि म्हणाले, “वकीलसाहेब, पानात पडले ते पोटात जाते, पण पोटात गेलेले सगळेच अंगी लागते असे नाही.” जठराच्या अस्तरातून एक प्रथिन स्रवते. ते या जीवनसत्त्वाला हाताशी धरून आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत नेते आणि तेथून रक्तात प्रवेश मिळवून देते. माझ्या शरीराने या वाटाड्यालाच शत्रू ठरवून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये उभी केली होती. वादी मीच आणि प्रतिवादीही मीच, असा हा दावा कित्येक वर्षे आतल्या आत चालू होता. यकृतात या द्रव्याचा काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो. तो संपेपर्यंत मला समन्ससुद्धा मिळाले नाही, एवढेच. मोठ्या मात्रेच्या गोळ्यांतून थोडा अंश वाटाड्यावाचूनही रक्तात शिरतो आणि पुष्कळांना तेवढ्याने भागते. पण माझ्या मज्जातंतूंना इजा पोचू लागलेली असल्यामुळे डॉक्टरांनी सुईचाच मार्ग पसंत केला. सुरुवातीला दिवसाआड, मग आठवड्याला आणि त्यानंतर महिन्याला एक. ‘किती महिने?’ असे मी विचारले. ते हसले आणि म्हणाले, “महिने नव्हेत. जन्मभर.”

‘जन्मभर’ हा शब्द न्यायालयात मी पुष्कळदा ऐकला आहे. स्वतःला उद्देशून तो प्रथमच ऐकला.

पण शंभर वर्षांपूर्वी माझ्यासारख्याला तोही शब्द ऐकायला मिळाला नसता. या दुखण्याच्या इंग्रजी नावातच ‘घातक’ असे विशेषण आहे, आणि ते अक्षरशः खरे होते. रोगी एक-दोन वर्षांत, फार तर थोड्या अधिक काळात दगावत असे. १९२६ साली बोस्टन येथील जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी या डॉक्टरांनी पंचेचाळीस रोग्यांना रोज भरपूर यकृत खाऊ घातले आणि त्यांना मरणाच्या दारातून परत आणले. या शोधासाठी १९३४ साली त्यांना व जॉर्ज व्हिपल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. यातले मर्म पुढेच आहे. मायनॉट स्वतः मधुमेहाने खंगत चालले होते. १९२१ साली टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला, ते वेळेवर त्यांच्या हाती आले आणि ते जगले. एका सुईने जो माणूस वाचला त्याने दुसरी सुई शोधण्याचा पाया घातला. त्यानंतर विल्यम कॅसल या तरुण डॉक्टराने १९२९ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले, ते ऐकून नाक मुरडू नये. तो स्वतः मांस खाई, थोड्या वेळाने ते पोटातून बाहेर काढी आणि निरोगी जठराच्या रसात मुरलेला तो अंश नळीवाटे रोग्यांच्या पोटात पोचवी. रोगी सुधारले! जठरातल्या त्या वाटाड्याचा पत्ता असा लागला. पुढे १९४८ साली अमेरिकेत आणि इंग्लंडात वेगवेगळ्या संशोधकांनी या जीवनसत्त्वाचे लाल स्फटिक हाती घेतले, आणि डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ साली त्याच्या रेणूची संपूर्ण रचना उलगडून दाखवली. त्या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट या धातूचा एक अणू बसलेला असतो. माझ्या कुपीतले औषध जास्वंदीच्या रंगाचे का, याचे उत्तर मला तेथे सापडले.

पहिले काही महिने मी दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेत असे. पण न्यायालयाच्या वेळा आणि दवाखान्याच्या वेळा यांचे कधी जुळत नाही. चवथीच्या दिवसांत तर उभ्या गोव्याला कुलूप लागते. आषाढातल्या पावसात तिस्कापर्यंत जायचे म्हणजेही एक मोहीम होते. त्याहूनही, जन्मभर महिन्यातून एकदा बाकावर बसून आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहायची, ही कल्पना मला सोसवेना. तो व्यवसाय मी दिवसभर करीतच असतो. घरच्या माणसांवर हे काम सोपवावे असेही मनात आले. परंतु आदोळीवर बसून विसवणाचे तुकडे लीलया करणारी माझी पत्नी सुई पाहताच दोन पावले मागे सरली. “माशाला दुखत नाही,” असे तिने कारण दिले. ते शास्त्रशुद्ध नसेल, पण त्यातली माया मला समजली.

मग डॉक्टरांच्याच संमतीने मी आमच्या वाड्यावरच्या एका निवृत्त परिचारिकेकडे शिकाऊ उमेदवार म्हणून दाखल झालो. अशा औषधाचे वावडे क्वचित कोणाला जिवावर बेतण्याइतके असू शकते, म्हणून पहिल्या मात्रा दवाखान्यातच घ्याव्यात. माझ्या तशा झालेल्या होत्या, याची खात्री करून घेतल्यावाचून त्या बाईंनी मला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. चाळीस वर्षे त्यांनी लोकांना सुया टोचल्या. काचेच्या पिचकाऱ्या उकळत्या पाण्यातून काढून, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून पुन्हा वापरण्याचा काळही त्यांनी पाहिलेला. पहिले दोन दिवस त्यांनी मला सुईला हातच लावू दिला नाही. साबणाने हात धुणे, कुपीच्या मानेवर टिचकी मारून वर अडकलेले औषध खाली आणणे, कापसाच्या घडीत धरून ती मान आपल्यापासून दूर अशी मोडणे, औषध ओढून घेतल्यावर पिचकारी उभी धरून हवेचा बुडबुडा घालवणे, एवढेच मी करीत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मांडीचे मनातल्या मनात तीन भाग करायला लावले. मधला भाग आणि त्याचीही बाहेरची बाजू, एवढाच प्रांत माझा. कुल्ल्याचा प्रदेश वर्ज्य. तेथून एक मोठी नस जाते आणि स्वतःचा हात तेथे नीट पोचतही नाही.

स्पिरिट लावले, ते वाळू दिले. सुई काटकोनात धरली. आणि हात थांबला! हे थांबणे मोठे विलक्षण असते. त्वचा आणि सुई यांच्यात दोन बोटांचे अंतर असते, पण ते ओलांडण्यास हात कबूल होत नाही. भीती दुखण्याची नव्हती. ते दुखणे मला ठाऊक होते. स्वतःच्या देहावर शस्त्र धरायचे नाही, असा कोणा पूर्वजाने घालून दिलेला दंडक जणू हाताच्या स्नायूंत लिहिलेला होता. बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “वकीलबाब, तुमचोच हात, तुमचीच मांडी. मागीर भियेतात कोणाक?”

या प्रश्नाचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. पण सुई मात्र आत गेली. हळू टोचली तर अधिक दुखते, आणि औषध मात्र सावकाश सोडावे लागते. घाई कोठे करावी आणि धीर कोठे धरावा, याचा एवढा नेमका पाठ मला दुसऱ्या कोणी दिला नाही. स्वतःवर दया करून चाचरत टोचलेली सुई ही सर्वांत निर्दय सुई असते.

आमच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे : ज्याने संमती दिली त्याला इजेची तक्रार करता येत नाही. आणि दुसरे असे की, कोणीही स्वतःच्या खटल्यात न्यायाधीश होऊ नये. पहिले तत्त्व मी दर महिन्याला पाळतो. दुसऱ्याचे मोल मला या सुईनेच अधिक पटवले. सुई टोचणे मी शिकलो याचा अर्थ मी डॉक्टर झालो असा नव्हे. कोणते औषध, किती आणि केव्हा, हा निकाल दुसऱ्याने द्यायचा. माझ्याकडे फक्त अंमलबजावणी. हे सांगण्याचे कारण असे की, माझी विद्या कर्णोपकर्णी झाल्यावर दोघा-तिघा स्नेह्यांनी ‘ताकदीचे लाल इंजेक्शन’ टोचून देण्याची गळ मला घातली. रक्ताची तपासणी केली आहे का, असे विचारताच त्यांना ते अपमानास्पद वाटले. गोळीपेक्षा सुई श्रेष्ठ, आणि पांढऱ्या औषधापेक्षा लाल औषध श्रेष्ठ, ही श्रद्धा आपल्या लोकांत खोल रुजलेली आहे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया याचा पुतळा आहे. कांदोळी गावी १७५६ साली जन्मलेल्या या गोमंतकीयाने पॅरिसला जाऊन जगाला सांगितले की, माणसाला झोपवणारी शक्ती मोहिनी घालणाऱ्याच्या हातात नसून झोपणाऱ्याच्या मनात असते. ताकदीच्या पुष्कळशा सुयांचे रहस्य मला तेथेच दिसते. ज्याच्या अंगात कमतरता नाही, त्याला दिलेले हे जीवनसत्त्व बहुतांशी मूत्रावाटे निघून जाते. रोजची गरज अडीच मायक्रोग्रॅमचीदेखील नाही, आणि सुईत तर एक हजार असतात!

उलट, ज्यांना सुईवाचून गत्यंतर नाही असे लोक या गोष्टीचा गाजावाजा करीत नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के. आपल्या शेजारच्या कितीतरी घरांत सकाळच्या चहापूर्वी कोणीतरी पदर वा सदरा किंचित बाजूला सारून इन्सुलिनची बारीक सुई पोटाच्या कातडीखाली टोचून घेत असेल आणि मग कामाला लागत असेल. महिन्याला एकदा टोचून घेऊन त्यावर निबंध लिहिणाऱ्याने त्यांच्यापुढे मान लववावी, हेच बरे.

वापरलेली सुई मी टोपण न लावता जाड डब्यात टाकतो. सुईवर टोपण परत चढवतानाच बोटाला ती टोचते, हा बाईंचा सक्त इशारा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातल्या अशा सुयांना घातक कचऱ्यात घातले. पण मी तसे करतो ते नियमासाठी नव्हे. माझी सुई माझ्या मांडीतून बाहेर आली की माझी जबाबदारी संपत नाही. ती कचरा वेचणाऱ्या एखाद्या बाईच्या बोटांपाशी जाऊन पोचते. तिने संमती दिलेली नसते. डबा भरला की तो मी दवाखान्यात नेऊन देतो.

शब्द परत आले आहेत. बोटांना कागद पुन्हा कळू लागला आहे. डाव्या पायाचा अंगठा मात्र अजून बधिरच आहे. उशीर झालेल्या अपिलासारखे काही मज्जातंतू पुन्हा दाखल होत नाहीत, असे डॉक्टर म्हणतात. त्याची मी फारशी खंत करीत नाही. आपल्या हाताने सुई टोचून घेणे हे स्वावलंबन आहे, असे लोक मला म्हणतात आणि मी हसून मान डोलावतो. पण त्या लाल थेंबात एका मधुमेही डॉक्टराची चिकाटी आहे, कोणा तरुणाने परक्यांसाठी राबवलेले आपले जठर आहे, एका विदुषीची वर्षानुवर्षांची गणिते आहेत. आणि सुई धरलेल्या माझ्या हातावर चाळीस वर्षे लोकांना टोचलेल्या एका बाईंचा हात अदृश्यपणे ठेवलेला आहे. मांडी तेवढी निव्वळ माझी.