मुरगळलेला पाय आणि लेकीचा खेळ



शाळांच्या स्पर्धा सुरू झाल्या की घरोघरी क्रेप बँडेजची शोधाशोध सुरू होते. मुलं लंगडत घरी येतात आणि डॉक्टरांच्या आधी त्यांचा पाय आपल्याच मांडीवर येतो. म्हणून काय पाहायचं आणि काय करायचं, हे आपल्याला ठाऊक हवं.

माझी तेरा वर्षांची लेक खो-खो खेळते. मागच्या महिन्यात खांबाला वळसा घालताना तिचा पाय आत वळला आणि घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज आली. सासूबाई लगेच तेल गरम करायला उठल्या. मी म्हटलं, "आई, दोन-तीन दिवस चोळायचं नाही, शेकायचंही नाही." ताज्या दुखापतीत आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळलं, शेकलं की सूज वाढते.

मग मी तिचा पाय चाचपला. घोट्याचा एक्स-रे कधी काढायचा याचे सोपे नियम कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबलं की दुखतं का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो उंचवटा लागतो तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरच्या हाडावर दुखतं का? चार पावलं टाकता येतात का? हाडावर दुखलं किंवा चालता आलं नाही, तर एक्स-रे काढायचा. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा पट्टा असतो. लिगामेंटच्या आधी तोच दुखावू शकतो, म्हणून मुलांच्या बाबतीत शंका आली तरी डॉक्टरांना दाखवावं. लेक चार पावलं चालली, हाडावर दुखत नव्हतं. तरी सकाळी डॉक्टरांकडे नेलं. नुसती मुरगळच होती.

आराम, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, ही चौकडी डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये 'राईस' या नावाने रूढ केली. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं होणं लांबू शकतं. म्हणून बर्फ फक्त दुखणं कमी करण्यापुरता, कापडात गुंडाळून दहा मिनिटं. आपल्यातल्या काही घरांत बर्फ ठेवत नाहीत. तिथे गार पाण्याची घडी चालते. बँडेज बोटांकडून वर बांधत न्यावं. बोटं निळसर किंवा बधिर वाटली तर लगेच सैल करावं. झोपताना पायाखाली उशी ठेवावी.

दोन-तीन दिवसांनी दुखणं सोसेल इतकं चालायला लावावं. पुढे एका पायावर उभं राहण्याचा सराव. मुरगळलेल्या घोट्याचा तोल बिघडलेला असतो; तो परत आला नाही, तर तोच पाय पुन्हा मुरगळतो. आमची लेक दात घासताना भिंतीजवळ एका पायावर उभी राहायची.

इतर खुणाही सांगते. धावताना मांडीच्या मागे एकदम कळ आली तर स्नायू ओढला गेलेला असतो. गुडघ्यात 'टक' आवाज होऊन काही तासांत सूज आली तर थांबू नका, दाखवा. नडगीच्या एकाच जागी दुखणं दिवसेंदिवस वाढत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. डोक्याला मार लागून उलटी झाली, मूल गोंधळलं, पेंगू लागलं, तर खेळ तिथेच बंद आणि थेट दवाखाना.

आता मनातलं. लेकीचा पाय सुजलेला पाहून घरी आलेल्या प्रत्येक बाईने सांगितलं, "मुलीची जात, पुरे झाला खेळ. उद्या पाय वाकडा राहिला तर?" दोन वर्षांपूर्वी क्रिकेट खेळताना थोरल्याचं मनगट मोडलं होतं. तेव्हा याच बायकांनी विचारलं होतं, "प्लास्टर कधी निघणार? मॅच कधी आहे?"

मी सगळ्यांना चहा दिला आणि एवढंच म्हटलं, "दुखल्याशिवाय एका पायावर उड्या मारता आल्या, पळता आलं, की ती मैदानावर जाणार." पाच आठवड्यांनी ती गेली. परवा सासूबाईंनीच तिचे बूट उन्हात ठेवले होते.

तुमच्या घरच्या खेळाडू लेकींबद्दल मला जरूर कळवा.