चौदा चित्रांची चकती

ऐंशीच्या दशकात जुन्या नाशकातल्या वाड्यांत एखाद्याच घरी व्ह्यू-मास्टर असायचा. आमच्या वाड्यात तो शेजारच्या काकूंकडे आला, त्यांच्या मुंबईच्या भावानं आणलेला. समोर दोन काचा असलेला डबा, वरून खोचायची पुठ्ठ्याची गोल चकती आणि बाजूला एक खटका. खटका खाली ओढला की ताजमहाल जायचा आणि पुढचं चित्र यायचं. डब्यात दिवा नव्हता, त्यामुळे उजेडाकडे तोंड करूनच बघावं लागे. मे महिन्याच्या दुपारी आम्ही पोरं ओसरीवर रांगेत बसायचो आणि ज्याचा नंबर असेल तो अंगणाकडे तोंड करून उभा राहायचा. "झालं ना तुझं, दे की आता!" हे मागून चालूच असे.

त्या चकतीवर चित्रं चौदा, पण दृश्यं सातच. प्रत्येक दृश्याची दोन चित्रं, एक डाव्या डोळ्यासाठी, एक उजव्या. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारं चित्र किंचित वेगळं असतं, आणि त्या फरकातून मेंदू खोली तयार करतो. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं ही गोष्ट 1838 साली जगासमोर मांडली. व्ह्यू-मास्टर अमेरिकेत बाजारात आला 1939 साली. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ताजमहालाच्या पुढची झाडं खरोखर पुढे आहेत आणि ताजमहाल खरोखर मागे आहे, एवढंच कळत होतं, आणि तेवढ्यानं अंगावर काटा यायचा.

आता गंगापूर रोडला माझ्या भाच्याकडे व्हीआर हेडसेट आहे. डोक्याला पट्टा आवळायचा, डोळ्यांसमोर अंधार होतो आणि मग थेट एखाद्या डोंगराच्या कड्यावर उभे राहतो आपण. मान वळवली की देखावाही वळतो, खाली पाहिलं की पोटात गोळा येतो. आत छोटे पडदे आहेत, मानेची हालचाल टिपणारे संवेदक आहेत, पण मूळ युक्ती तीच, दोन डोळ्यांना दोन चित्रं. गंमत म्हणजे 2015 साली व्ह्यू-मास्टर बनवणाऱ्या मॅटेल कंपनीनंच गुगलच्या साथीनं मोबाइल आत ठेवून वापरायचा नवा व्ह्यू-मास्टर काढला होता.

तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. हिंदीतला 'छोटा चेतन' हा थ्रीडी चित्रपट आला तेव्हा थिएटरच्या दारात चष्मे वाटायचे आणि खेळ संपला की परत घ्यायचे. त्या चष्म्यांनी डोळे येतात अशी आवई उठली आणि कितीतरी आयांनी मुलांना जाऊच दिलं नाही. मात्र एक गोष्ट तेव्हा होती, ती आता कमी झाली. चित्र थांबलेलं असायचं. त्यामुळे बघणारा ते मन भरेपर्यंत न्याहाळायचा आणि डबा पुढच्याच्या हातात देताना सांगायचा, "डाव्या कोपऱ्यात बघ, एक माणूस बसलाय." हेडसेटमध्ये इतकं काही घडत असतं की असं बोट ठेवायला सवड मिळत नाही.

आमच्या त्या रांगेत एक मुलगा होता. तो डबा डोळ्यांना लावायचा आणि लगेच खाली ठेवायचा. "यात काय विशेष? पुस्तकातल्यासारखंच तर आहे," म्हणायचा. घरातल्या मोठ्या माणसांनाही त्याच्या या बोलण्यात काही वेगळं वाटलं नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं, त्याचा एक डोळा लहानपणापासून कमजोर होता. मेंदूनं त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायची सवय लावून घेतली होती. याला आळशी डोळा म्हणतात. ज्याचे दोन्ही डोळे एकत्र काम करत नाहीत, त्याला खोलीचा हा भास होत नाही. ते खेळणं आम्हा सगळ्यांसमोर एका मुलाचा आजार दाखवत होतं आणि ते वाचणारं वाड्यात कुणी नव्हतं. सहा-सात वर्षांच्या वयात उपचार झाले तर हा डोळा बहुतेकदा सुधारतो. उशीर झाला की ते फार अवघड जातं.

म्हणून आजच्या काळाबद्दल मला आशा वाटते ती इथे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑक्टोबर 2021 मध्ये 'ल्युमिनोपिया वन' या उपचाराला मान्यता दिली. ती तेव्हा चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी होती. मुलांनी हेडसेट लावून आवडीचे कार्यक्रम बघायचे. चांगल्या डोळ्याला चित्र फिकं दिसतं आणि चित्राचे काही तुकडे एकाच डोळ्याला दिसतात, त्यामुळे आळशी डोळ्याला कामाला लागावंच लागतं. आमच्या वेळी नेहमीचा उपाय होता, चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची. ती पट्टी मुलं शाळेत पोचेपर्यंत काढून टाकायची.

नाशिककरांना याहून जवळचं उदाहरण आहे. एमआयटी मीडिया लॅबमधले रमेश रासकर मूळचे नाशिकचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 'नेत्रा' नावाचं उपकरण मांडलं. मोबाइलच्या पडद्यावर एक छोटी नळी बसवायची, डोळा लावायचा आणि दिसणाऱ्या दोन रेघा एकमेकींवर येईपर्यंत बटण दाबायचं. किती वेळा दाबलं त्यावरून चष्म्याचा नंबर निघतो. मला आठवतो तो चष्मेवाल्याच्या दुकानातला नाकावर रुतणारा जड गोल सांगाडा. त्यात एकेक भिंग टाकत ते काका विचारायचे, "हे स्पष्ट, की हे?" आजी गोंधळून दोन्हींना हो म्हणायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात किमान 100 कोटी लोकांचं दृष्टिदोषाचं दुखणं टाळता आलं असतं किंवा अजून त्यावर उपचार झालेले नाहीत. त्यातल्या अनेकांना लागतो तो फक्त एक चष्मा.

आणि ज्यांच्यामुळे नाशिकचं नाव पडद्याशी जोडलं गेलं, ते त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळकेही चष्म्यांमुळेच सावरले होते. चित्रपटाच्या वेडापायी रात्रंदिवस अभ्यास करताना त्यांची दृष्टी गेल्यासारखी झाली. डॉ. प्रभाकर यांनी तीन-चार चष्मे देऊन ती परत आणली. त्यानंतर 1912 साली ते लंडनला गेले, 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाला आणि मग त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं. वेळेवर डॉक्टर भेटले नसते तर आपला चित्रपट कुठे असता, हा विचार पांडवलेण्याच्या पायथ्याच्या फाळके स्मारकात गेलं की माझ्या मनात येतोच.

त्या स्मारकात शाळांच्या सहली जातात. तिथे एका खोलीत जुना व्ह्यू-मास्टर, बायोस्कोपची पेटी आणि आजचा हेडसेट शेजारी शेजारी ठेवावेत, आणि त्यांच्याजवळच डोळे तपासायचं टेबल मांडावं. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात एवढं बांधकाम होणार आहे, त्यात ही खोली फार खर्चाची नाही. ती होईल तेव्हा होईल. तोवर घरात हेडसेट आला असेल तर कंपनीच्याच सूचना वाचा. मेटासारखी कंपनीही दहा वर्षांखालच्या मुलांना तो देऊ नका म्हणते. आणि घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर या सुट्टीत त्याला एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्या.