अण्णांची खोळ

बडोद्याच्या आमच्या सोसायटीत गाड्यांना छप्पर नाही. अण्णांनी २००३ साली लाल मारुती ८०० घेतली, तेव्हापासून ती कुंपणाजवळ उघड्यावर उभी असते. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि दुपारी दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. आमच्याकडे गाडी चालवण्यापेक्षा ती उन्हापासून राखणं हेच मोठं काम होतं.

पुढच्या काचेआड चंदेरी पडदा, स्टिअरिंगवर जुना पंचा, डॅशबोर्डवर आईनं शिवलेली सुती चादर, काचा बोटभर खाली. बाजूच्या काचांना काळी फिल्म होती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या फिल्मना बंदी घातली, तेव्हा पोलीस अडवायची वाट न बघता अण्णांनी साबणाचं गरम पाणी आणि ब्लेड घेऊन ती स्वतःच खरवडून काढली. दोन उन्हाळ्यांत मागची सीट एका बाजूनं विटली. पुढच्या काचेत दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो अतिनील किरण जवळजवळ सगळे अडवतो. बाजूच्या काचेत तो नसतो. अण्णांचा उजवा हातही डाव्यापेक्षा काळा पडला होता, पण हळहळ सीटची.

या सगळ्यावर कव्हर. अण्णा त्याला खोळ म्हणतात, उशीची असते तशी. कारखान्यातून आले की आधी खोळ, मग चहा. फाटली की नवी. गाडी आठवड्यातून दोनदा निघायची, खोळ रोज निघायची आणि रोज चढायची.

तीन वर्षांपूर्वी अण्णांचे हात कापायला लागले. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि किल्ली माझ्याकडे आली. मी शिकवते त्या शाळेत गाडी मैदानात लावावी लागते, तिथं कसली खोळ! वर्षभरात बॉनेटच्या कडा पांढुरक्या दिसायला लागल्या.

“उन्हात लावतेस ना?” अण्णा म्हणाले. “वीस वर्षं जपली मी.”

एकदा मी उलट बोलले. दोन दिवस अबोला होता. मग मलाच वाटायला लागलं, आपल्या हातून नासली. दिवाळीच्या आधी पॉलिश करायला नेली.

कारागीर म्हाताराच होता. त्यानं फडका फिरवला, फडका लाल झाला. आमच्या गाडीच्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नाही. घासलं की वरचा जळलेला रंगच सुटून येतो. मग त्यानं मला टपाजवळ बोलावलं. ऊन खातं ते सपाट, आभाळाकडे तोंड केलेल्या जागी. आमच्या टपाचा मधला भाग थोडा फिका होता, इतकंच. रंग गेला होता तो टपाच्या कडांवर, बॉनेटच्या कोपऱ्यांवर, आरशांच्या टोकांवर. काही ठिकाणी आतला प्रायमर दिसत होता. जिथं जिथं कापड ताणलं जातं, नेमक्या त्या जागा.

“बेन, तडकाए नथी बगाड्युं, कवरे बगाड्युं छे,” तो म्हणाला. उन्हानं नाही, कव्हरनं. धुळीवरच कव्हर घालायचं, मग दिवसभर वारा ते हलवत राहतो. धूळ मध्ये, कापड वर. पॉलिश पेपर म्हणतात तो दुसरं काय असतो? हे एका वर्षाचं काम नव्हे, असंही तो म्हणाला. ते मी विचारलं नव्हतं.

येताना सिग्नलला माझ्या मनात वाक्य तयार होतं. अगदी जसंच्या तसं, गुजरातीतच सांगायचं ठरवलं होतं.

अण्णा गॅलरीत कठडा धरून उभे होते. “काय म्हणाला?”

“उन्हानंच झालंय म्हणाला.”

“बघ,” अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. रागावले मात्र नाहीत. “असू दे. तुझ्या शाळेत सावली नाही, त्याला तू काय करणार?”

हल्ली शाळेतून आले की मी बादलीभर पाणी घेऊन टप आणि बॉनेट ओल्या फडक्यानं निपटते, सुकू देते, आणि मगच खोळ चढवते. पंधरा मिनिटं जातात. वरून अण्णांचं लक्ष असतंच.

“अगं, धूळ काय पुसत बसलीस? ऊन आहे अजून. आधी खोळ घाल!”