डबल स्टँड आणि तुमची कंबर

"डॉक्टर, काही जड उचललं नाही हो. नुसती गाडी डबल स्टँडवर लावली आणि कमरेत उसण भरली!"

हे वाक्य मी अनेक वर्षं ऐकतोय. पूर्वी मनातल्या मनात हसायचो. मग एका पावसाळ्यात आपटा स्टेशनबाहेर माझीच पाळी आली.

सकाळची वेळ, पनवेलकडे जाणारी गाडी पकडायची घाई. साइड स्टँड ओल्या मातीत रुतत होता, म्हणून डबल स्टँड लावायला गेलो. शेजारी एक दूधवाले काका किटल्या उतरवत होते. "लावून देऊ का?" त्यांनी विचारलं. "राहू द्या, जमतं मला," असं म्हणून मी कमरेत वाकलो आणि मोटरसायकल दोन्ही हातांनी मागे ओढली. कमरेत कळ आली आणि सरळ उभंच राहता येईना. गाडी गेली. पुढचे तीन आठवडे डाव्या पायात मुंग्या येत होत्या.

काकांनी माझी मोटरसायकल आधी कडक जमिनीवर नेली, मग एका पावलात स्टँडवर चढवली. "हातानं ओढायची नसते, डॉक्टर. पायानं दाबायची."

त्यांचं बरोबर होतं. साध्या १०० सीसी मोटरसायकलचंही वजन ११० किलोच्या आसपास असतं. स्टँड ही एक तरफ आहे. तिच्यावर तुमच्या शरीराचा भार दिला की गाडी आपोआप मागे सरकून वर चढते. ओढायला गेलात तर तो भार मणक्यांमधल्या चकतीवर येतो. वाकून आणि वळून जोर लावणं तिला सर्वांत घातक. त्यात रात्रभर झोपून उठल्यावर चकती पाणी शोषून फुगलेली असते, त्यामुळे सकाळी जास्त जपायचं.

मग गाडी लावायची कशी? सपाट, कडक जागा बघा. इंजिन बंद करून डाव्या बाजूला उभे राहा. डाव्या हातात हँडल, उजव्या हातात सीटजवळची पकड. गाडी सरळ उभी धरा. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करा. आता पाठ ताठ ठेवून सगळं वजन त्या पायावर द्या. हातांनी फक्त तोल सांभाळा. ओली स्लीपर घालून हे करू नका. पाय सटकला तर नडगी फुटते. तरीही जड जात असेल, तर मागचं चाक पातळ फळीवर घ्या. गाडी खाली काढताना आधी साइड स्टँड उघडा, मग गाडी पुढे ढकला. लहान मुलांना दूर ठेवा. सायलेन्सर तापलेला असतो.

उसण भरलीच, तर एक-दोन दिवस आराम करा, शेक घ्या आणि मग हळूहळू चालायला लागा. आठवडाभर अंथरुणात पडून राहू नका. मात्र पाऊल लुळं पडलं, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, तासही न दवडता, रुग्णालय गाठा.

आणि कोणी "लावून देऊ का?" असं विचारलं, तर हो म्हणा. मी नाही म्हणालो, त्याची किंमत तीन आठवडे मोजली.