पास्काच्या पंक्तीतील पेला

महाग ती उत्तम वाईन, असा आमचा बरीच वर्षे समज होता. एका पास्काच्या सणाला तो जेवणाच्या मेजावरच मोडला.

आमचे आजोळ गोव्याचे. त्यामुळे बेळगावातील आमच्या घरीही पास्काला हॅम करण्याची चाल पडली. मिठात मुरवलेली डुकराची मांडी रात्रभर पाण्यात भिजत घालावयाची, मंद आचेवर शिजवावयाची, मग वरून गूळ व लवंगा लावून भट्टीत खरपूस भाजावयाची. चाळीस दिवसांच्या उपवासकाळानंतर तिचा घमघमाट सुटला की घर भरल्यासारखे वाटते.

त्या वर्षी आम्ही मोठ्या ऐटीने गडद तांबडी, भारी किमतीची वाईन आणली. पहिल्या घोटालाच पाहुण्यांची तोंडे वाकडी झाली! द्राक्षांच्या साली व बिया यांतून तांबड्या वाईनमध्ये टॅनिन नावाचा तुरट अंश उतरतो. खारट मांसासंगे तो कडवट व रखरखीत लागतो, हे आम्हांस कोठे ठाऊक होते?

परंतु याहून मोठी चूक निराळीच होती. आमच्या थोरल्या बंधूंनी मद्य सोडले होते, आणि ते सोडताना काय सोसले हे घरातील सर्वांनी पाहिले होते. तरीही आम्ही म्हणालो, "दादा, सणाचा दिवस आहे, एक घोट तरी घ्या!" त्यांनी मुकाट्याने पेला उपडा ठेवला, आणि जेवणे आटोपण्यापूर्वीच ते उठून ओसरीवर जाऊन बसले.

पुढील पास्कापूर्वी आम्ही थोडी चौकशी केली. हॅमच्या खारटपणाला आंबटगोड सोबत हवी. जर्मनीची किंचित गोड रिसलिंग, फ्रान्सच्या बोजोले प्रांतातील गामे द्राक्षांची हलकी तांबडी वाईन, किंवा आपल्या नाशिककडे होणारी शेनिन ब्लाँक यांपैकी कोणतीही चालते. पांढरी वाईन थंड, आठ-दहा अंशांवर द्यावी. पोर्ट गोड खरी, पण तिच्यात मद्यार्क सुमारे 20 टक्के असतो. ती जेवणासोबत नको, जेवणानंतर घोटभर पुरे.

आम्ही नाशिकची शेनिन ब्लाँक आणली. मग मनात आले, हॅमला आंबटगोडच हवे, तर ते वाईननेच पुरवावे असे थोडेच आहे? घरात आमसुले होती. ती भिजवून, साखर घालून गार सरबत केले आणि तशाच उंच दांड्याच्या पेल्यात दादांपुढे ठेवले. कोणी काही विचारले नाही, कोणी आग्रह केला नाही.

दादांनी हॅमचा तुकडा खाल्ला, वर सरबताचा घोट घेतला आणि म्हणाले, "छान जमले रे!"

वाचकहो, सणाची वाईन निवडताना पानात काय वाढणार हे जरूर पाहावे. पण त्याआधी पानावर कोण कोण बसणार हे पाहावे. त्या दिवशी पंक्तीतून सर्वांत शेवटी उठले ते आमचे दादाच.